कळा आणि कौल

देवाला कौल लावणारा मनुष्य एक गोष्ट आधींच कबूल करून बसलेला असतो. पाकळी उजवीकडची पडेल किंवा डावीकडची पडेल, आणि मनाविरुद्ध पडली तरी ती मानावी लागेल. ज्या प्रश्नाचें एकच उत्तर चालण्यासारखें आहे, तो प्रश्न घेऊन कोणी देवळाची पायरी चढत नाहीं. माणसानें माणसाला प्रश्न विचारतांना मात्र हा साधा नियम आपण पाळतोंच असें नाहीं. बाळंतपणासाठीं रुग्णालयांत आलेल्या स्त्रीला, "कळांची सलाईन लावूं ना?" असें विचारण्यांत येतें, तेव्हां पुष्कळदा सलाईन आधींच टांगलेली असते आणि सही करणारा नवरा बाहेर उभा असतो. अशा होकाराचें नैतिक मोल काय, एवढ्याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

आपोआप कळा येण्याची वाट न पाहतां औषधानें किंवा उपकरणानें त्या सुरू करणें, ह्याला आपल्याकडे 'कळा आणणें' असें म्हणतात. गर्भाशयाचें तोंड मऊ व्हावें म्हणून आंत जेल लावतात, मिसोप्रोस्टॉलची गोळी देतात किंवा रबरी नळीचा छोटा फुगा ठेवतात. पुढें पाण्याची पिशवी फोडून ऑक्सिटोसिन हें द्रव्य शिरेंतून थेंबाथेंबानें सोडतात. मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथीच्या अर्कानें गर्भाशय आकुंचन पावतें, हें इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री डेल ह्यांनीं १९०६ सालीं दाखविलें. अमेरिकेंत व्हिन्सेंट दु विन्यो ह्यांनीं तें द्रव्य प्रयोगशाळेंत तयार केलें आणि १९५५ सालीं त्यांना रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव आटोक्यांत ठेवण्याच्या कामीं ह्या औषधाचे उपकार थोर आहेत. म्हैस लौकर पान्हावी म्हणून त्याचा गैरवापर होतो, ह्या कारणास्तव २०१८ सालीं केंद्र सरकारनें खासगी कारखान्यांना तें देशांत विकण्यासाठीं बनविण्याची बंदी केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत दिल्ली उच्च न्यायालयानें ती बंदी रद्द ठरविली. औषध कोणी बनवावें ह्यावर इतका खल झाला, तो योग्यच झाला. तें कोणाला विचारून द्यावें, हा प्रश्न त्याहून लहान नाहीं.

जुन्या बाळंतपणाचे गोडवे गाणारांच्या पंक्तीस आम्हांस बसावयाचें नाहीं, हें येथेंच सांगितलेलें बरें. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असतांना त्यांचें मूल दहा दिवसांत गेलें, ही हकीकत मराठी वाचकांस नवीन नाहीं. त्या काळीं घरोघर अशा हकीकती होत्या. गरोदरपणीं रक्तदाब फार चढला म्हणजे झटके येऊन आई व मूल दोघेंहि दगावण्याची भीति असते, आणि प्रसूति लौकर होणें हाच त्यावर खरा उतारा ठरतो. अशा स्त्रियांच्या कळा कोणत्या मार्गानें आणाव्या, ह्याचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्या नागपुरांतच झाला. ६०२ स्त्रियांपैकीं निम्म्यांना मिसोप्रोस्टॉलची अल्प मात्रा तोंडावाटे देण्यांत आली व निम्म्यांना फुग्याची नळी ठेवण्यांत आली. २०१७ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकांत त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : पहिल्या गटांतील शंभरांत ५७ जणींची व दुसऱ्या गटांतील शंभरांत ४७ जणींची चोवीस तासांच्या आंत नैसर्गिक मार्गानें सुटका झाली. गोळी स्वस्त आहे, ती ठेवावयास शीतपेटी लागत नाहीं. तेव्हां ह्या ज्ञानाचें मोल लहान गांवांतील रुग्णालयांना फार.

परंतु हें ज्ञान मिळविण्याच्या रीतींतच आमच्या प्रश्नाचें उत्तर दडलेलें आहे. वैद्यकीय संशोधनाचा सर्वमान्य नियम असा कीं, ज्या व्यक्तीवर प्रयोग करावयाचा तिला तिच्या भाषेंत सर्व समजावून द्यावें, विचार करावयास अवधि द्यावा, तिचा लेखी होकार घ्यावा, आणि "नाहीं म्हटलेंस तरी तुझ्या उपचारांत कांहीं उणें पडणार नाहीं" अशी हमी द्यावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या नीतितत्त्वांतहि हेंच सांगितलें आहे. अमेरिकेंत २०१८ सालीं एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या खेपेच्या, कोणताहि विशेष धोका नसलेल्या स्त्रियांच्या कळा एकोणचाळिसाव्या आठवड्यांत आणाव्या कीं वाट पाहावी, हा त्याचा विषय. त्यासाठीं २२,५३३ स्त्रिया पात्र ठरल्या. त्यांपैकीं तयार झाल्या ६,१०६. म्हणजे चारांतील जवळजवळ तिघींनीं "आम्हांला नको" असें सांगितलें, आणि संशोधकांनीं तें मुकाट्यानें ऐकून घेतलें. आतां विचार करावा कीं, प्रयोगासाठीं निवडलेल्या स्त्रीला जो मान मिळतो, तो तीच स्त्री केवळ उपचारासाठीं आली असतां तिला कां मिळूं नये? औषध तेंच, नळी तीच, पोटांतलें मूल तिचेंच. शास्त्राला तिच्याकडून कांहीं हवें असतें तेव्हां तिचा शब्द मोलाचा, आणि तिला शास्त्राकडून कांहीं हवें असतें तेव्हां मात्र तो फुकाचा, हा न्याय उफराटा आहे.

नवापूरसारख्या ठिकाणीं हा प्रश्न नेऊन पाहिला म्हणजे त्यांतील खरी अडचण कळते. १९९८ सालीं धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याचा हा गुजरातेला भिडलेला तालुका. शेजारून रंगावली वाहते, सुरतेचा हमरस्ता व सुरत-भुसावळ लोहमार्ग येथूनच जातो, आणि गांवच्या स्टेशनाचा कांहीं भाग महाराष्ट्रांत तर कांहीं गुजरातेंत आहे. वस्ती मुख्यतः गावित, भिल्ल व कोकणी लोकांची. २०११ च्या जनगणनेप्रमाणें साऱ्या जिल्ह्यांत शंभरांत सुमारें ६९ लोक आदिवासी आहेत. गांवांत सरकारी रुग्णालय आहे, चिंचपाड्यास ख्रिस्ती मिशनचें जुनें रुग्णालय आहे, आणि नंदुरबारास २०२० पासून वैद्यकीय महाविद्यालयहि झालें आहे. परंतु ह्याच जिल्ह्याच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पाड्यांवरून अडलेल्या बाईला बांबूच्या झोळींत घालून डोंगर उतरवावें लागल्याच्या बातम्या आजहि येतात.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, "आधीं पोटोबा, मग विठोबा. जेथें रुग्णालयापर्यंत पोहोंचणें हेंच भाग्य, तेथें आंत गेल्यावर पसंती-नापसंतीच्या गोष्टी कसल्या करतां?" हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाहीं. महाराष्ट्रांत २०१९ ते २०२१ ह्या काळांतील राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणीप्रमाणें शंभरांत सुमारें ९५ बाळंतपणें रुग्णालयांत झालीं. उरलेल्या पांचांतील स्त्रिया ज्या पाड्यांवर राहतात, तेथें रस्ता आधीं पोहोंचला पाहिजे, ह्यांत शंका नाहीं. पण आक्षेपाच्या मुळाशीं एक गृहीत आहे, तें तपासलें पाहिजे. सुरक्षितता ही भाकरी, आणि स्त्रीचा शब्द ही वरची चटणी, असें तें गृहीत आहे. आमचें म्हणणें असें कीं, प्रसूतीच्या बाबतींत स्त्रीचा शब्द हा सुरक्षिततेचाच एक घटक आहे.

उदाहरणार्थ, दिवस भरल्याची गोष्ट घ्या. आपल्याकडे 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणतात. एकोणिसाव्या शतकांतील जर्मन प्रसूतितज्ज्ञ नेगेले ह्यांच्या नांवानें चालत आलेला नियम शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने सात दिवस मोजावयास सांगतो. आजीच्या आणि शास्त्रज्ञाच्या हिशेबांत अंतर तें किती! परंतु दोन्ही हिशेब एकाच खुंटीवर टांगलेले आहेत. ती खुंटी म्हणजे स्त्रीची आठवण. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी झाली असेल तर दिवस बरेच नेमके कळतात. शेवटच्या महिन्यांत केलेली सोनोग्राफी दोन-तीन आठवड्यांनीं चुकूं शकते. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी कीं, ४१ आठवडे पुरे झाल्याची ज्यांच्या बाबतींत खात्री आहे, त्या स्त्रियांच्या कळा आणाव्या. ह्या वाक्यांतील 'खात्री' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा आहे. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठीं गुजरातेंत गेलेल्या कुटुंबांतील गरोदर बाईची एक तपासणी सीमेपलीकडे होते, दुसरी अलीकडे. एका राज्यांतील कागद दुसऱ्या राज्यांत येतांना वाटेंत हरवतो. तिच्यापाशीं जी एकच अखंड नोंद उरते ती तिच्या डोक्यांत असते : होळीच्या आधीं कीं नंतर पाळी चुकली, पोटांतलें मूल प्रथम केव्हां हाललें. तिला न विचारतां, किंवा विचारून न ऐकतां, कागदावरच्या अंदाजी तारखेवर कळा आणल्या, तर अपुऱ्या दिवसांचें, श्वासाला धडपडणारें मूल जन्माला येण्याचा संभव असतो. तेव्हां तिचें ऐकणें हें सौजन्य तर खरेंच. पण तें निदानहि आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. गावित बाई घरीं मावची बोलते, बाजारांत मराठी किंवा गुजराती बोलून वेळ भागविते, आणि रुग्णालयांतील संमतिपत्र तर चांगल्या शिकलेल्या मराठी माणसालाहि दोनदा वाचावें लागेल असें असतें. त्या कागदावर उमटलेला आंगठा काय सिद्ध करतो? फार तर एवढेंच कीं, कागद तिच्यापुढें ठेवला होता. पुष्कळदा तर तोहि तिच्यापुढें ठेवीत नाहींत. नवरा, सासू किंवा भाऊ सही करून मोकळे होतात. ह्या बाबतींत आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ चा निकाल प्रत्येक प्रसूतिगृहांत लावून ठेवण्यासारखा आहे. एका स्त्रीनें केवळ तपासणीची संमति दिली होती. ती भुलीच्या अमलाखालीं असतां डॉक्टरांनीं तिच्या आईची संमति घेऊन तिचा गर्भाशय काढला. आईची संमति ही तिची संमति नव्हे, तिचें प्राण वांचविण्याची तांतडी नसतांना ती शुद्धीवर येईपर्यंत थांबावयास हवें होतें, असें न्यायालयानें ठरविलें. डॉक्टरांचा हेतु वाईट नव्हता हें न्यायालयानें मान्य केलें. पण चांगला हेतु हा परवानगीच्या जागीं बसूं शकत नाहीं, हाच त्या निकालाचा अर्थ.

ह्या संबंधांत डॉ. रखमाबाईंची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. अजाण वयांत, माझ्या संमतीवांचून झालेला विवाह मला बांधूं शकत नाहीं, असें म्हणून त्यांनीं नवऱ्याच्या घरीं जाण्याचें नाकारलें. १८८४ सालीं सुरू झालेल्या त्या खटल्यांत मुंबईच्या न्यायालयानें १८८७ सालीं त्यांना नांदावयास जा नाहींतर सहा महिने तुरुंगांत बसा, असें फर्माविलें, तेव्हां त्यांनीं तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. पुढें विलायतेस जाऊन त्या डॉक्टर झाल्या आणि १८९५ च्या सुमारास सुरतेस येऊन त्यांनीं दोन तपें स्त्रियांच्या रुग्णालयांत सेवा केली. नवापुराहून आज अवघड रुग्ण ज्या दिशेनें नेले जातात, त्याच वाटेवरचें तें शहर. संमतीसाठीं भांडलेल्या स्त्रीनें पुढें आयुष्य बाळंतिणींच्या खाटेशीं घालवावें, ह्यांत योगायोगापेक्षां अधिक कांहीं आहे असें आम्हांस वाटतें. विवाहांत स्त्रीच्या शरीराविषयींचा निर्णय दुसऱ्यांनीं घेऊं नये हें आज आपण मानतों. बाळंतपणांत मात्र तो दुसऱ्यांनीं घेतला तर आपल्याला खटकत नाहीं. शहरांत पंचांग पाहून, मुहूर्तावर शस्त्रक्रिया करवून मूल जन्माला घालण्याची हौस वाढली आहे. तिला 'निवड' हें भारदस्त नांव देतात. पण ती निवड आईची असते कीं घरच्या वडीलधाऱ्यांची, हें विचारावयास कोणी थांबत नाहीं.

आतां तिसरा आक्षेप. "अडाणी बाईला धोक्यांचें गणित काय कळणार?" असें सुशिक्षित लोक म्हणतात. जी बाई पहिल्या पावसावर पेरावें कीं दुसऱ्याची वाट पाहावी हें ठरविते, मुकादमाची उचल घ्यावी कीं यंदा घरीं राहावें हें ठरविते, तिला अनिश्चिततेचें गणित शिकविण्याची गरज नाहीं. तिला फक्त आंकडे तिच्या बोलींत हवेत. शिवाय गणितानें सर्वच प्रश्न सुटत नाहींत. वर सांगितलेल्या अमेरिकन अभ्यासांत कळा आणलेल्या स्त्रियांपैकीं शंभरांत १८.६ जणींवर, आणि वाट पाहिलेल्यांपैकीं २२.२ जणींवर शस्त्रक्रिया करावी लागली. मुलांच्या गंभीर त्रासांत मात्र निश्चित म्हणण्यासारखा फरक आढळला नाहीं. हे आंकडे ऐकून एक स्त्री म्हणेल, "मला शस्त्रक्रिया टाळावयाची आहे, कळा आणा." दुसरी म्हणेल, "एवढ्यासाठीं मी दोन दिवस खाटेवर पडून राहणार नाहीं. घरीं दुसरें लहान मूल आहे." दोघींचेंहि बरोबर आहे. धोका किती, हें डॉक्टर सांगूं शकतो. कोणता धोका पत्करावा, हें ज्याच्या त्याच्या जीविताच्या मांडणीवर अवलंबून असतें. येथें डॉक्टराचें ज्ञान संपतें असें नव्हे. त्या ज्ञानाला दुसऱ्या एका ज्ञानाची जोड लागते, आणि तें फक्त तिच्यापाशीं असतें.

डॉक्टराची बाजूहि पाहिली पाहिजे. रात्रपाळीला एकटा डॉक्टर, दोन परिचारिका, पांच अडलेल्या बाया, भूलतज्ज्ञ दुसऱ्या गांवीं. आणि कांहीं वाईट झालें तर सकाळीं दारांत जमाव. अशा माणसानें "आतां वाट पाहणें नको" असा निर्णय घेतला, तर त्याला क्रूर म्हणण्याचा आपल्याला अधिकार नाहीं. त्यांत एक खरें कारणहि असतें : बाई दूरच्या पाड्यावरची आहे, घरीं पाठविली तर वेळेवर परतेल कीं नाहीं ह्याचा भरंवसा नसतो. पण ह्यावरून निष्कर्ष निघतो तो स्त्रीला विचारूं नये असा निघत नाहीं. निघतो तो असा कीं, तिच्या 'नको'ला जागा मिळेल अशी सोय समाजानें करून ठेवली पाहिजे. दिवस भरत आलेल्या स्त्रीला आधींच आरोग्यकेंद्राजवळ आणून ठेवण्याची 'माहेरघर' योजना आदिवासी भागांत आहे. तिचें नांव ज्यानें ठेवलें त्याला बाळंतपण कळलें होतें. माहेर म्हणजे जेथें लेकीला घाई करीत नाहींत तें घर. तेथें चार दिवस राहण्याची, जेवण्याची आणि बुडालेल्या मजुरीची तरतूद खरोखरीची असेल, तर केवळ अंतराच्या भीतीनें कळा आणण्याचें कारण उरणार नाहीं. प्रसूतीच्या वेळीं ओळखीची बाई सोबत असावी, हें केंद्र सरकारनें २०१६ सालींच मान्य केलें आहे. ती सोबतीण मावची बोलणारी असेल तर संमतिपत्राला जीभ फुटेल. ज्या स्त्रीला हीं औषधें चालू आहेत तिला क्षणभरहि एकटी सोडूं नये, आणि शक्य तेथवर शस्त्रक्रियेची सोय असेल तेथेंच कळा आणाव्या, असेंहि जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या रुग्णालयांत हें जमणार आहे कीं नाहीं, हें त्या स्त्रीला आधींच सांगणें हा देखील खरें विचारण्याचाच भाग होय.

क्वचित् प्रसंग असे असतात कीं, तेथें विचारावयास वेळच नसतो. नाळ बाहेर आली, रक्त थांबत नाहीं, झटके सुरू झाले. तेव्हां हात आधीं चालला पाहिजे आणि तोंड मागून. ह्याविषयीं कोणाचा वाद नाहीं. परंतु कळा आणण्याचा निर्णय बहुधा असा घाईचा नसतो. त्यांत तास असतात, कधीं दिवस असतात. तेवढ्या वेळांत तीन वाक्यें बोलतां येतात : कळा कां आणावयाच्या, न आणल्या तर काय होण्याचा संभव आहे, आणि तिनें आज 'नको' म्हटलें तर उद्यां तिची तपासणी कोण, केव्हां करील. ह्यांतील तिसरें वाक्य बहुधा गाळलेलें असतें, आणि तेंच पहिल्या दोहोंना खरेपणा देतें. ज्या रुग्णालयांत 'नको' म्हणणाऱ्या स्त्रीची खाट, जेवण आणि गाडी जशीच्या तशी राहते, तेथला 'हो' हाच खरा 'हो'. ही परीक्षा घ्यावयास यंत्र लागत नाहीं, कीं नवा कायदा लागत नाहीं. पुढच्या वेळीं आपल्या घरची लेक किंवा सून प्रसूतिगृहांत जाईल तेव्हां, सहीचा कागद आपल्यापुढें आला असतां, तो तसाच तिच्या हातीं द्यावा आणि ती वाचून होईपर्यंत थांबावें, एवढें तरी प्रत्येक वाचकाच्या हातांत आहे.